अडीचशेची पाटी

बो सांग, सोमवार

तीर्थरूप दाजी यांस,

इन्थाचा दोन्ही हात कपाळाला टेकवून नमस्कार. या हातांनी मी आजवर काय काय केलं ते तुम्ही जाणताच, तरी एकदा लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते आठवणार नाही. चार हजार एकशे सहा कागदी छत्र्या (वहीत नोंद आहे, मोडलेल्या धरलेल्या नाहीत), सायकलच्या पेडलवर चालणारं बांबूच्या काड्या तासायचं यंत्र, माझ्या घराचा जिना (अकरा पायऱ्या, एकही करकरत नाही), ताईचं कपाट, तुमच्या फानिदाचा पाळणा, आणि चिनी अक्षरांच्या दोन पाट्या. त्यांपैकी एक माझ्या दुकानावर होती. दुसरी तुमच्या दुकानावर आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? ताईची साखर उतरली का? मी ठीक आहे, म्हणजे शरीराने. शुक्रवारी फानिदा कुनमिंगहून नवऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन लाम्पांगला येते आहे, चिनी व्याही तुम्हाला पहिल्यांदाच बघणार आणि त्या जेवणावर सगळं ठरणार, हे ताईकडून कळलं. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. फोनच करणार होतो. तीनदा केलाही. पण दर वेळी ताई उचलते, जेवलास का विचारते, आणि मी जेवलो एवढं सांगून ठेवून देतो.

आता मुद्द्याकडे येतो (येववत नाही, पण येतो). आमच्याकडच्या चिनी प्रवाशांच्या बसगाड्या आटल्या, हे मी तुम्हाला पूर्वीच्या नऊ पानी पत्रात कळवलं होतं, आकृतीसह. कारणही कळवलं होतं. एका यूआनचे पूर्वी पाच बाट यायचे, आता चार बाट सेहेचाळीस सतांग येतात. आपला बाट वधारला आणि तिकडे जपानचा येन पडला, तेव्हा ज्या बाया माझ्याकडे छत्रीसाठी घासाघीस करायच्या त्या आता तेवढ्याच पैशांत जपानला जाऊन साबण आणि डोळ्यांत घालायची औषधं पिशव्या भरभरून आणतात. हे सगळं मी कुणाच्या शाळेत न जाता, नुसत्या वर्तमानपत्रावरून शोधून काढलं, आणि दाजी, हे खरंच आहे. त्यात माझी चूक नाही. चूक पुढे आहे.

माझी छत्री दोनशे ऐंशी बाटांना. जुन्या दराने ती चिनी माणसाला छप्पन यूआनला पडायची, नव्या दराने पावणेत्रेसष्टला. म्हणजे तिला पुन्हा छप्पनवर आणायची तर किंमत हवी अडीचशे बाट. (करून बघा. अडीचशेच येतात, किरकोळ कमी.) हा हिशेब सुटला त्या दिवशी मी इतका खूश झालो की साधे आकडे लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. शब्दकोश घेतला आणि किंमत चिनी अक्षरांत लिहायला बसलो. चिनी माणूस अडीचशे कसे लिहितो? दोन, शंभर, पाच, दहा. पण बोलताना तो शेवटचा दहा गाळतो, हे मी अकरा वर्षं त्यांचं बोलणं कान देऊन ऐकून टिपलेलं. तेव्हा मीही गाळला, जाणकारासारखा. पुढे बाट हा शब्द लिहायला फळी पुरेना, तोही गाळला. राहिलं दोन, शंभर, पाच. लाल अक्षरं, लाखेचे पाच हात. खाली सोनेरी बाण काढला, माल इकडे आहे असं दाखवायला. बाणाच्या बरोबर खाली माझं स्टूल.

दाजी, गर्दी लोटली. पहिल्या नऊ दिवसांत तीनशे बारा माणसं मी स्वतः मोजली. हसतमुख माणसं. येत, पाटीकडे बघत, माझ्याकडे बघत, फोटो काढत. एक बाई तर मला म्हणाली, "काका, हलू नका हं, बाणाच्या खालीच बसा." मी पाठ ताठ करून बसलो. छत्र्या गेल्या अकरा. शेजारची खाम्प्लाय मावशी पंखे रंगवता रंगवता म्हणाली, "इन्था, माणसं छत्री घेत नाहीत रे, तुलाच घेऊन चाललीत." मी तिला म्हटलं, "मावशी, दराचा परिणाम आधी गर्दीवर दिसतो, मग विक्रीवर." ती म्हणाली, "असेल बाबा, तू शिकलेला." त्याच आठवड्यात छत्रीवाल्यांच्या सभेत मी खडू घेऊन चाळीस मिनिटं चलनावर बोललो. आणि त्याच तोऱ्यात तुमच्यासाठी दुसरी पाटी केली, कारण तुमचा सहा कोंबडा-छाप वाडग्यांचा संचही दोनशे ऐंशीलाच होता. बसवायला मीच आलो होतो. बाण तुमच्या वेताच्या खुर्चीवर यावा म्हणून मी दोनदा टेप लावून मोजलं. तुम्ही म्हणालात, "इन्था, हे सगळं नीट विचारून केलंयस ना?" मी म्हटलं, "दाजी, मी कुणाला विचारत नाही, मी वाचतो." हे वाक्य मला गेले चार दिवस झोपू देत नाही.

गुरुवारी चेंगदूकडची एक निवृत्त शिक्षिका आली. तिने छत्री घेतली, पैसे दिले, बाकीचे प्रवासी बसकडे जाईपर्यंत थांबली आणि मला समजेल अशा बेताने सावकाश विचारलं, "ही पाटी तुम्हाला कुणी लिहून दिली?"

"कुणी कशाला देईल? मीच लिहिली."

"मग बरं. मला वाटलं, कुणी वाईटपणा केला." मग छत्री उघडून काड्या तपासत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अक्षर फार सुंदर आहे हो. पण शेवटी दहा नाही, पैशाचं नाव नाही, तेव्हा आमच्याकडे ही किंमत होत नाही. याला आम्ही अर्धवट म्हणतो. म्हणजे... माणसाला."

मी वर पाटीकडे बघितलं, मग बाणाकडे, मग स्वतःकडे. ती जाताना म्हणाली, "छत्री मात्र दोनशे ऐंशीचीच आहे," आणि वरचे तीस बाट ठेवून गेली. ते अजून फळीवरच आहेत, मी हात लावलेला नाही. सभेतल्या चाळीस मिनिटांत खाली बसलेल्यांपैकी निदान चौघांना चिनी येतं. त्यातल्या एकाने चहाही आणून दिला होता.

ताईला नमस्कार. फानिदाला आशीर्वाद सांगा, या पत्राचं कारण सांगू नका.

आपला,
इन्था

ता. क. पाटी शुक्रवारच्या आत उतरवा, एवढ्यासाठीच पत्र. चार स्क्रू आहेत, चपटा स्क्रू-ड्रायव्हर लागेल. खरवडत बसू नका, पाच हातांची लाख निघणार नाही. शेवटी दहाचं अक्षर घालूनही भागेल, एक आडवी रेघ आणि एक उभी, पण तुम्ही घालू नका. मलाही सोपंच वाटलं होतं. गुडघ्यांमुळे शिडी चढवत नसेल तर तोवर खुर्ची तरी दुसरीकडे हलवा.

दुसरा ता. क. हे लिहिणार नव्हतो. काल एका प्रवासी कंपनीचा माणूस आला होता. चिनी बसगाड्या जेवणाला थांबतात त्या त्यांच्या मोठ्या उपाहारगृहात मी पाटीखाली रोज सहा तास बसावं, म्हणजे गाड्या जपानकडे न जाता इकडे वळतील, असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने मोबाइल काढून तुमचा फोटो दाखवला. तुम्ही खुर्चीत पाय वर घेऊन बसला आहात आणि हसता आहात. त्याला आपण दोघंही हवे होतो, शेजारी शेजारी, जेवण धरून माणशी महिना अठरा हजार बाट. मी दोघांच्याही वतीने नकार दिला. तुम्हाला न विचारता.