शिक्षेचे वाटे

आचरे,
रविवार, ७ डिसेंबर २००३

प्रिय सुशीला,

आपसी बदलीचा अर्ज, त्यावरची तुझी सुरेख सही आणि सोबतचे चार ओळींचे पत्र मंगळवारच्या टपालाने पोहोचले. अर्जावर आता माझी सही झाली की तू माझ्या जागी इकडे, मालवणात तुझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांजवळ येशील आणि मी तुझ्या जागी वैभववाडीला माझ्या घरी, रियाजवळ जाईन. दोघींनी मिळून किती वर्षे या कागदाची वाट पाहिली! पत्रात तू लिहिले आहेस, ‘तुझ्या किनाऱ्यावरच्या पोरांची काळजी करू नकोस, पहिल्या आठवड्यात सरळ करते.’ माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. तुझ्या वर्गावरून जाताना भिंतीपलीकडे मुले आहेत की नाहीत अशी शंका यावी, इतकी शांतता मी स्वतः अनुभवली आहे. तरीही वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षिकेला त्या वर्गाची रीतसर माहिती देणे हे सोपवणाऱ्या शिक्षिकेचे कर्तव्य आहे, असे आपल्याला अध्यापक विद्यालयात शिकवले होते. म्हणून हे पत्र लांबणार आहे. या रविवारी मी घरी गेले नाही. त्याचे कारण शेवटी सांगते, कारण आधीचे समजल्याशिवाय ते कळणार नाही.

पहिली अडचण रापणीची. मालवणात तुझे सासर असले तरी घर बाजारपेठेतले, त्यामुळे रापण तू दुरूनच पाहिली असशील. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. या कामाचा एक नियम आहे: ज्याने दोराला हात लावला, त्याला मासळीचा वाटा. तो हात धिप्पाड धोंडू तांडेलाचा असो की दुसरीतल्या पोराचा. पोराला लहान वाटा मिळेल, पण मिळेल. आता अशा वाडीत, समुद्राला लागून असलेल्या शाळेत, मी चौथीला भागाकार शिकवत असते. बाहेरून आरोळी येते, ‘रापण इली रे!’ आणि माझ्यासमोर फक्त दप्तरे उरतात. मी दार लावून पाहिले, मुले खिडकीतून गेली. मी खिडकीशी उभी राहिले, मुले दारातून गेली. एकदा दोन्ही वाटा अडवण्यात मला यश आले, तेव्हा समीक्षा नावाची अत्यंत सुशील मुलगी उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, ‘बाई, मी जांव?’ मी ‘नाही’ म्हटले. ‘बरां,’ असे म्हणून ती माझ्या हाताखालून निघून गेली. परवानगी मागितली होती ना. तिच्या दृष्टीने शिष्टाचार पूर्ण झाला होता. सुशीला, मला उद्धटपणा हाताळता येतो. या निर्मळ गोडव्याशी कसे झुंजावे, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हते.

तू म्हणशील, पद्धतशीर उपाय केला का? केला, आणि मोठ्या उत्साहाने केला. बालमानसशास्त्राच्या तासाला आपण काय घोकले होते? चुकीला शासन करण्यापेक्षा चांगल्या वर्तनाला तत्काळ आणि दृश्य प्रोत्साहन द्यावे. मी रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या, प्रत्येकीवर एका मुलाचे नाव घातले आणि फळ्याखालच्या फळीवर ओळीने मांडल्या. चकाकीच्या कागदाच्या चांदण्या कापल्या. वेळेवर आला, चांदणी. मध्येच बोलला नाही, चांदणी. रापण आली असतानाही जागेवर बसून राहिला, तर एकदम मूठभर. शनिवारी ज्याच्या पेटीत सर्वांत जास्त चांदण्या, त्याला पुढचा आठवडाभर शाळेची घंटा वाजवण्याचा मान. आमची घंटा म्हणजे फणसाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो बडवण्यासाठी ही मुले काहीही करतील, हे मी हेरले होते. आणि खरोखर त्या आठवड्यात वर्ग ओळखू येईनासा झाला! गुरुवारी आरोळी आली तेव्हा अर्धा वर्ग जागेवर बसून राहिला. तळमळत, पण बसून. मी रात्री रियाच्या बाबांना फोन करून सांगितलेसुद्धा, की पद्धत लागू पडली.

शनिवारी पेट्या उघडल्या. प्रत्येकीत सारख्याच चांदण्या. अगदी निकेतच्याही पेटीत! निकेत म्हणजे ज्याला आठवडाभरात एकही मिळवता आली नव्हती तो. मला वाटले, चोरी झाली. दरडावून विचारले, तेव्हा समीक्षाने सगळे समजावून सांगितले, बहुधा माझ्याच शिकवण्याच्या सुरात. सकाळी लवकर येऊन त्यांनी सगळ्या पेट्या जमिनीवर ओतल्या होत्या आणि वाटे घातले होते. मी म्हटले, निकेतने मिळवल्या नव्हत्या, मग त्याला कशा? ती चकितच झाली. ‘तो व्हतो मां वर्गात, बाई! दोराक हात लायलो काय वाटो मेळतलोच.’ आणि काही चांदण्या उरल्या होत्या त्या कुठे गेल्या? त्या माझ्या खुर्चीवर ठेवल्या होत्या. रापणीत जाळ्याचाही वाटा निघतो ना, तसा हा शाळेचा. निकेत मागून ओरडला, ‘बाई, तुमी जाळा!’ आणि वर्ग हसत सुटला. मग सगळेच पहिले आले म्हणून सगळ्यांनी रांग लावून घंटा वाजवली. ती इतका वेळ वाजत राहिली की कुठे आग लागली की काय म्हणून वाडीतली माणसे घमेली घेऊन धावत आली. सुशीला, त्या दिवशी मी कणकवलीपर्यंत एसटीत बसून रागाने रडले. स्पर्धेचा पायाच जिथे नाही, तिथे प्रोत्साहन कशावर उभे करायचे?

वाडीने माझी बाजू घेतली. समीक्षाची आई गंगू मासे विकायला जाताना डोक्यावरची टोपली न उतरवता दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, तुमी लय मऊ. फोक घेवा हातात, माजी परवानगी आसा. घरात माका तरी खंय ऐकता तां?’ आमचे मुख्याध्यापक परब गुरुजी बोलत काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर निगडीचा एक ताजा, साल काढलेला फोक ठेवलेला होता. मी तो नकाशा दाखवायला वापरते. इथेच मला तुझी आठवण फार येई. वसतिगृहात एका खोलीत राहून, एकाच दिव्याखाली एकच पुस्तक वाचून आपण दोघी बाहेर पडलो. तुझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते आणि माझा वर्ग खिडकीतून पळतो. जूनमध्ये रिया तुझ्या वर्गात आली तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘मैत्रिणीची मुलगी म्हणून तिला वेगळे वागवणार नाही हं, सगळ्यांसारखीच वागवीन.’ मला ते मनापासून आवडले होते. शिक्षिकेने असेच असावे, असे मी यांनाही म्हटले होते.

आता दुसरी घटना सांगते आणि मग थांबते. पंधरवड्यापूर्वी निकेतने वर्गात एक जिवंत कुर्ली सोडली. ती नांग्या उगारून माझ्या पायाशी आली आणि मी खुर्चीवर चढले. मुलांना झालेला आनंद मी वर्णन करत नाही. माझ्या सहनशक्तीचा अंत झाला. मी निकेतला सांगितले, पूर्ण तासभर बाहेर पडवीत उभा राहा. तो निमूटपणे गेला. मी फळ्याकडे वळले. थोड्या वेळाने वळून पाहते तर पडवीत निकेत नाही, यतीन उभा. निकेत जागेवर बसून लिहितो आहे. आणखी थोड्या वेळाने यतीन आत, प्रियांका बाहेर. कोणी बोलत नव्हते, हसत नव्हते, दप्तराचा आवाज नव्हता. एक मूल उठत होते, एक येत होते. इतकी शिस्त मी माझ्या वर्गात कधीही पाहिली नव्हती. शेवटी न राहवून विचारले, हे काय चालले आहे? समीक्षाने पाटी वर केली. तिने तासाच्या मिनिटांना मुलांच्या संख्येने भागले होते, आणि भागाकार बरोबर होता, सुशीला! जो मी पावसाळाभर शिकवूनही तिला येत नव्हता, तो! बाकी उरलेली मिनिटे निकेतच्या नावावर लावली होती, ‘कुर्ली तेचीच मां.’ मी म्हटले, शिक्षा एकट्याची होती. त्यावर ती मला समजावू लागली, कारण मला साध्या गोष्टी कळत नाहीत हे आता तिला ठाऊक झाले आहे: ‘येकट्यान वडूक गेलो तर दोर हात कापता, बाई.’

मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगते: संताप. हसू नंतर आले. बक्षीस यांच्यात मुरते, शिक्षा यांच्यात विरघळते, मग शिक्षिकेच्या हाती उरते काय? मी त्या रात्री ठरवले, सुशीलाचा अर्ज आला की त्याच दिवशी सही करायची. मला माझे घर हवे आहे. शनिवारी रात्री पोहोचून रविवारी दुपारी निघणारी आई होऊन मी थकले आहे. तुझा वर्ग मला शांत, सरळ, आयता मिळणार, आणि त्या वर्गात पहिल्या बाकावर रिया असणार. एवढे सुख कोण नाकारील?

मग गेल्या रविवारी सकाळी, निघण्यापूर्वी, रियाच्या हातून ताकाचे भांडे सांडले. नुसते ताक. मी फडके आणायला वळले आणि परत येऊन पाहते तर ती सांडलेल्या ताकात उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, उजवा हात लांब करून तळवा वर केलेला. रडत नव्हती. मी विचारले, बाळा, हे काय करतेस? ती म्हणाली, ‘हात पटकन पुढे केला की एकच बसते. मागे घेतला की दोन.’ इतक्या सहजपणे, जसा पाढा म्हणावा. तू शब्दाला जागलीस, तिला वेगळे वागवले नाहीस. तुझ्या त्या साठ मुलांच्या खोलीत तुला दुसरे काय सुचणार, हेही मी जाणते. आणि तू तिच्या वेणीत अबोली माळून पाठवतेस, हेही. मंगळवारी अर्ज आला तेव्हा मी टोपण काढून पेन हातात धरले. एक सही केली की रियाचा हात खाली येणार होता. पण मग तुझी ती ओळ पुन्हा वाचली, ‘पहिल्या आठवड्यात सरळ करते,’ आणि मला दिसले की माझ्या मुलीचा हात मी मागे घेते आहे तो निकेतचा पुढे करून. आणि तेवढ्यावर ते थांबणार नाही. तू निकेतला छड्या मारशील, तर समीक्षा पाटीवर भागाकार करील आणि सगळा वर्ग हात पुढे करून रांगेत उभा राहील, आपापला वाटा घ्यायला. माझ्या रियाच्या शेजारी मात्र वाटा घ्यायला कोणी नव्हते. म्हणून अर्ज सही न करता माझ्यापाशी ठेवला आहे आणि या रविवारी घरी न जाता हे पत्र लिहिते आहे. पुढच्या शनिवारी मी कणकवलीहून थेट तुझ्या घरी येईन. तुझ्या वर्गातल्या टेबलावरचा फोक घरी आणून ठेव, तो माझ्या हातात दे आणि इथे नवा तोडणार नाहीस एवढा शब्द दे. तिथेच, तुझ्यासमोर सही करते, आणि तुझ्या त्या साठ जणांपुढेही मी मोकळ्या हातांनीच उभी राहीन. शब्द देता येत नसेल तरी दार उघड, चहा दे, मी भांडणार नाही. फक्त मग रियाचा दाखला काढून तिला इथे माझ्या भाड्याच्या खोलीत आणीन. घरातले सगळे नाराज होतील, आणि तुझे मालवण माझ्यामुळे पुन्हा लांबेल, हे मला कळते. पण काही दिवसांनी आरोळी येईल, ती या मुलांच्या मागोमाग खिडकीतून उडी मारील, आणि मी ओरडत तिच्यामागे धावेन. दोर धरण्यासाठी तरी तिचा तो हात पुढे होऊ दे.

रागावलेली, तरीही तुझीच,
वैजयंती