विंगेत बसलेले बाबा

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमच्या नाटकाचा प्रयोग रंगला, असं आई म्हणाली. आमच्याकडे बाबांचा एकपात्री झाला, तोही कॉलेजात, आणि प्रेक्षक मी.

तिथे माझ्यासारख्या मुलांसाठी साहाय्य कक्ष आहे. तिथल्या बाईंनी मला नाव विचारलं. मी ओठ जुळवेपर्यंत बाबांनी नाव सांगितलं आणि पुढचंही सगळं एका दमात उरकलं. खुर्ची चाकांची आहे, बोलणं सावकाश आहे पण डोकं तल्लख आहे, पेपरला लेखनिक लागेल, वसतिगृहात खोली एकटीची लागेल. मी नुसती मान हलवली. शेवटी बाई म्हणाल्या, की शाळेत मुलांसाठी मोठी माणसं मागतात, इथे ज्याचं त्याने मागायचं. दोन आठवड्यांनी मी एकटीने आत जाऊन मला काय काय लागतं ते सांगायचं. त्याशिवाय त्या खोली देणार नाहीत, आणि खोली नाही म्हणजे घरी बसून परीक्षा देणं आलं.

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला हसू आलं, पण घरी आल्यावर लगेच तुला लिहायला बसले. मी एक तरी वाक्य शेवटपर्यंत नेलंय का, आठवून बघ. निम्म्यावर आलं की घरातलं कोणीतरी ते पुरं करून टाकतं. तू विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगतेस, तर आमच्या या फाजील प्रॉम्प्टरचं काय करायचं तेही सांग.

एका बोटाने टाइप केलंय, चुका पोटात घाल आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


६ मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बाप माझा धाकटा भाऊ. लहानपणी मी गोष्ट सांगायला लागले की शेवट हाच सांगून टाकायचा, आणि तोही चुकीचा. तेव्हा हा रोग जुना आहे, तुझ्यामुळे जडलेला नाही.

आता धंद्यातली गोष्ट ऐक. नट थांबला की नवशिका प्रॉम्प्टर घाबरून वाक्य फेकतो आणि रंगलेला प्रवेश मातीत घालतो. विसरलेला नट विंगेकडे बघतो. बघत नसेल तर तो नुसता थांबलाय, आपण गप्प बसायचं. तुमच्याकडे आजपासून हाच नियम. रोज जेवणं झाली की आईने त्या बाई व्हायचं आणि तू बोलायचं. तू बाबाकडे पाहिलंस तरच त्याने शब्द द्यायचा. न मागता तोंड उघडलं, तर त्या दिवशीची भांडी त्याची.

आणि तूही मान डोलावून सुटू नकोस, लबाडे. आयतं वाक्य तुलाही गोड लागतं.

लोभ तर आहेच, परीक्षेच्या दिवसासाठी थोडा जादा पाठवते आहे.

तुझी आत्या


१५ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कृपेने माझे हात साबणाने सोलवटून निघालेत. पहिल्याच दिवशी हरलो, आणि शिक्षेची कढई घासता घासता मी आतल्या खोलीतल्या भिंगरीच्या वाक्याला पुन्हा शेपूट जोडलं, तर हिने दुसऱ्या दिवशीची भांडीही माझ्या नावावर लावली. काल पहिल्यांदा सुटलो. जीभ दातांखाली धरून बसलो होतो.

चेष्टा राहू दे, अक्का. मी तिचं वाक्य पुरं करतो ते घाई असते म्हणून नाही. लहानपणी दुकानात ती बोलायला लागली की दुकानदार तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मी आधीच बोलून टाकलं, की तिला ते बघावं लागायचं नाही. आता तिथे परक्या ठिकाणी तिच्यासाठी कोण थांबणार? खोली नाही मिळाली तर बरंच, असंही एकदा मनात येऊन गेलं. माझीच मला लाज वाटली. हे तिच्या कानावर घालू नकोस.

परवा तिला घेऊन जातो आहे. बाहेर बसेन. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझा,
भांडीवाला


१८ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली! आता बाकीचं सावकाश वाच.

कक्षाचं दार काचेचं आहे. बाबा बाहेरच्या बाकावर, बरोबर माझ्यासमोर. लेखनिक, पेपरला जास्तीचा वेळ, ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी रॅम्प, सगळं मी सांगितलं. बाई घड्याळाकडे न बघता ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, की इथे तुला सगळ्यात अवघड काय जाईल. हा प्रश्न आईने सरावात विचारलाच नव्हता. मी अडकले. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, आणि सवयीने मी बाबांकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे आता त्यांची पाळी होती. ते उठले, दाराच्या मुठीला हातही लावला. आणि आत्या, मग ते परत फिरले आणि माझ्याकडे पाठ करून बसले! असा राग आला म्हणून सांगू. त्या रागातच मी बोलले. म्हटलं, माझं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की मला सोपं वाटतं, तेच इथे अवघड जाईल. एकटीच्या खोलीत बोलायचा सराव कोणाशी करू, म्हणून दोघींची द्या. सोबतीण जरा दम धरणारी असली तर उत्तम, नसली तरी मी तिला शिकवीन, बाबांनाही शिकवलंय. बाई खूप हसल्या आणि दोघींची खोली दिली.

बाहेर आल्याबरोबर मी बाबांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, की दार उघडणारच होते, पण आत येऊन सांगायचं काय तेच कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं.

मग कँटीनमध्ये बसून आतली सगळी हकीकत मी त्यांना पहिल्यापासून सांगितली. चहा गार झाला, पण ते मध्ये बोलले नाहीत. दोघींच्या खोलीचं ऐकल्यावर काहीतरी बोलायला गेले आणि त्यांनाच शब्द फुटेना. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. तरी मी थांबले.

भांडी अजून तेच घासतात, आता हौसेने. तुझा लोभ नव्या खोलीच्या पत्त्यावरही येऊ दे.

तुझी,
भिंगरी