उंटाची प्लीहा

प्रिय उंटा,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण ‘प्रिय’ लिहून झालं की पुढं हातच चालायचा नाही. आज मात्र लिहून संपवायचंच म्हणून बसलोय. फाडायचं झालं तर पूर्ण वाचून मग फाड.

मी सध्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये टायपिंग करतो. मॅडम पेशंटच्या पोटावर यंत्र फिरवत आकडे सांगतात, मी पडद्याआड बसून ते रिपोर्टात भरतो. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं आणि मग प्लीहा. वर्षभरात किती प्लीहा टाइप केल्या असतील, देव जाणे. एका बारक्या शिक्षिकाबाईंची आठ सेंटिमीटर, एका पोस्टमनची साडेदहा, दोघंही ठणठणीत. मध्ये एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी आली, दारातून वाकूनच आत शिरली. तिची तेरा. मी आगाऊपणे पुढं ‘वाढलेली’ असं ठोकून दिलं. मॅडमनी छापलेला कागद पाहून मला असं झापलं म्हणतोस! ‘आधी माणूस बघ, मग आकडा. त्या शिक्षिकाबाईंची तेरा असती तर मी विचारात पडले असते. हिच्या उंचीला ती बरोबर आहे.’ मी गुपचूप शब्द खोडला, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारण आपल्या सरांनी तुझ्याबद्दल अगदी हेच सांगितलं होतं.

आठवतंय ना, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा हुकूम होता, आजारी पोटाला हात लावण्याआधी शंभर निरोगी पोटं तपासा. होस्टेलवर आपण एकमेकांची पोटं दाबत सुटलो होतो. तुला उजव्या कुशीवर वळवलं, खोल श्वास घ्यायला लावला आणि डाव्या बरगडीखाली माझ्या बोटांना काहीतरी टेकून गेलं. ‘सापडली!’ म्हणून मी केवढ्यानं ओरडलो. सगळ्या मजल्यानं रांग लावली आणि तू प्रत्येकाकडून एकेक चहा उकळलास. सरांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. तुझं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. तेरा पॉइंट सहा, रक्त स्वच्छ. म्हणाले, ‘सव्वासहा फुटांचा गडी आहेस. शंभरात दोन-तीन धडधाकट माणसांची अशी हाताला लागतेच. चिंता सोड, आणि चहाचा धंदाही सोड.’ मी शेजारीच उभा होतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

आता तिच्याबद्दल. गेटसमोरचे टेलरकाका आपले पांढरे कोट शिवायचे आणि त्यांची मुलगी काजं-बटणं करायची. तुला वाटायचं, मी वेंधळा म्हणून माझी बटणं तुटतात. अरे, मी ती दातांनी तोडायचो! एका महिन्यात अकरा. एकदा ती मान वर न करताच म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही कोट घालता की खाता?’ त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला. तुझ्या बाह्या मात्र तिनं कुणी न सांगता दोन बोटं वाढवून दिल्या. ते मला दिसत होतं, पण मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. मग एका संध्याकाळी तू खोलीत आलास आणि लाजत सांगितलंस की आई त्यांच्याकडे बोलणी करायला जाणार आहे. मी तुला मिठी मारली. आत नुसता भडका उडाला होता.

दोनच दिवसांनी काकांनी मला दुकानात बसवून घेतलं. ‘तू त्याचा रूममेट, त्यातून डॉक्टरकीचं शिकतोस. माझी एकुलती एक आहे बाबा. पोरगा कसा आहे, खरं सांग.’ मी म्हणालो, मुलगा सोन्यासारखा आहे. इथवर ठीक होतं. मग मी आवाज खाली आणला. म्हणालो, पण त्याची प्लीहा वाढलेली आहे, हाताला लागते. रक्ताचंच काहीतरी असणार, त्याला अजून माहीत नाही. आणि काका, माझं नाव कुठं घेऊ नका.

काका सज्जन माणूस. आजारी पोराचा बोभाटा नको म्हणून त्यांनी तुझ्या आईला सांगितलं, मुलगी नाही म्हणतेय. मुलीला सांगितलं, मुलाकडच्यांचा विचार बदलला. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास आणि तुझ्या उशाशी बसून ‘जाऊ दे रे, पोरींचं असंच असतं’ म्हणणारा कोण होता? मीच.

तोंडी परीक्षेत मी परीक्षकांच्या टेबलावर कोट फेकून कॉलेजच सोडून निघून आलो, तेव्हा सगळे म्हणाले, फटाका फुटला. पण भांडण झालंच नव्हतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, निरोगी माणसाची प्लीहा हाताला लागू शकते का? मला उत्तर येत होतं, पण तोंडातून निघेना.

गेल्या मंगळवारी टेलरकाका मुतखड्यासाठी आमच्याकडे आले. मला ओळखलं, जवळ आले आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘तो उंच मुलगा... आहे ना अजून?’ उंटा, तो माणूस दोन वर्षं तुझ्या मरणाची बातमी येईल म्हणून धास्तावलेला होता. मला राहवलं नाही. तिथंच, चार पेशंटांसमोर, सगळं ओकलो. वाटलं, कानाखाली वाजवतील. ते नुसते बाकावर बसले. म्हणाले, ‘चाळीस वर्षं मापं घेतोय मी. दोन माणसांचं एक माप कधी निघालं नाही. एवढंच सांगितलं असतंस, तर मला कळलं असतं रे.’ आणि याला कामावरून काढू नका म्हणून त्यांनी मॅडमकडे माझीच रदबदली केली. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

येत्या रविवारी सकाळी काका तुमच्या घरी येताहेत, तुझ्या आईची माफी मागायला. त्यांचा काहीही दोष नसताना. मुलीला त्यांनी सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, तीही बरोबर येतेय एवढंच कळलं. काकांनी विचारलं, ‘तुझं नाव मी सांगू, की तू सांगतोस?’ म्हणून हे पत्र. माफी मागत नाहीये, ती मागायलाही तोंड हवं. फक्त दार उघडशील तेव्हा तुला ठाऊक असावं की ती तुला कधीच नाही म्हणाली नव्हती. तिच्या वतीनं नाही म्हणालो होतो तो मी.

हक्क उरला नाही, तरी सवयीनं,
तुझाच
फटाका