मामा, तुम्ही वारलात त्याबद्दल

तीर्थस्वरूप गोरोबामामांस, धाराशिवहून शिवशंकरचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही हयात आहात, भाकर पचते आहे, गुडघा तेवढा धरतो, हे मला ठाऊक आहे. (शेळीपालक संस्थेला ठाऊक नाही, त्याचाच हा खुलासा.) फोनवर मामी मला बोलूच देत नाहीत, म्हणून परंड्याच्या एसटीत वाहकाकडं हे पत्र देतोय.

संस्थेचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आमचं ऑफिस सांभाळतं. तो एकच होता, बोजड होता, पण चालत होता. मग पुण्याहून नवे साहेब आले नि म्हणाले, ह्याचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा स्वतंत्र, त्याला एकच काम, नि गरज लागली की दुसऱ्याला निरोप धाडायचा. (मायक्रोसर्व्हिस म्हणतात त्यांना.) तुकडा केवढा असावा ह्यावर बैठका बसल्या. एक म्हणे, एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढा. (कुणाच्या डोक्यात, हे ठरलं नाही.) दुसरा म्हणे, त्याहून लहान. मी एवढंच म्हणालो, की निदान एक अख्खी शेळी तरी एका जागी राहू द्या. तिचा जन्म, लस, मालक, मरण. सगळे हसले. साहेब म्हणाले, "शिवशंकर, गावाकडची नजर सोडा आता." मामा, ते हसणं मला अजून झोंबतं. शेळीच्या दुधावर वाढलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. बाकीच्यांनी शेळी फक्त ताटात बघितलेली.

मग कानातला बिल्ला एका तुकड्यात गेला, वय दुसऱ्यात, लस तिसऱ्यात, मालक चौथ्यात. मरणाचा तुकडा सगळ्यांत लहान झाला नि साहेबांना त्याचाच फार अभिमान. तो फक्त एक नंबर घेतो नि "मयत" असा निरोप पुढं धाडतो. शेळी मेली की माणूस, हे बघणं त्याचं काम नव्हे. तुमची काळी शेळी मेली, तुम्ही इमानानं कळवलंत. तिच्या बिल्ल्याचा नंबर आणि तुमचा सभासद नंबर नेमका एकच निघाला, नि मालकांच्या तुकड्यानं तुम्हांलाच मारलं. सांत्वनाच्या तुकड्यानं (तोही वेगळा आहे) मामींना मेसेज केला. मामींनी मला फोन केला, "आरं मुडद्या, ह्ये माझ्यासमोर बसून भाकर खायलेत की! कुणाला मेलं म्हणतूस?"

दुरुस्ती करायला गेलो तर जो तो म्हणतो, माझा तुकडा बरोबर चालतोय. खरंच चालतोय. सगळे बरोबर आहेत नि तुम्ही मेलेले आहात. माणूस परत जिवंत करायला नवा तुकडा लागेल म्हणे. तो स्वतंत्र असावा की मरणातच बसवावा, ह्यावर बैठक चालू आहे. आणि गुरुवारी तुमच्या वस्तीवर पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या मरीची, लस येतेय. मयत मालकाच्या शेळ्यांना ती मिळत नाही. गेल्या साली शेजारच्या वस्तीवर लस चुकली नि अख्खा कळप दगावला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मला त्याचीच भीती वाटते, मामा.

मामींना नमस्कार. त्यांच्या शिव्या पोचल्या.

तुमचा भाचा,
शिवशंकर

ता. क. वारसाचा तुकडा मात्र चोख चालतो. मामींनी तुमचं निधन कबूल केलं, तर कळप लगेच त्यांच्या नावावर होतो नि लस मिळते. त्यांना कसं सांगायचं ते तुम्हीच बघा, माझी हिंमत नाही.

आणखी एक ता. क. खात्रीचा ओटीपी मयताच्या मोबाइलवर येतो. आला की तेवढा मामींना वाचून दाखवा.