जन्मस्थळाचा रकाना

बाई, जुनं जनरल रजिस्टर सापडलं. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात, खडूच्या खोक्यांमागे. शिपाईमामा दारातूनच म्हणाले, "सर, ह्यो कपाट बाई गेल्यापासून कुनी उघडला न्हाय. आत साप हाय का बघा आधी." साप नव्हता, तुमचं अक्षर होतं. आठवीत असताना मला दोन्हींची भीती सारखीच वाटायची. आजच्या दिवसाआधी घडून गेलेल्या गोष्टींसाठी संस्कृतात वेगळा लकार आहे, तो तुम्हीच घोटून घेतला होता. तुमच्याविषयी लिहिताना खरं तर तोच वापरायला हवा. पण पहिल्या दोन ओळींतच तुम्ही वर्तमानकाळात येऊन बसता, चष्म्यावरून बघता, आणि मी पुन्हा बाकावर.

रजिस्टर शोधायला निमित्त झालं एका मुलीचं. तुम्हांला आठवेल, काल्हेरच्या गोदामात हमाली करणारा तो सिंधमधला माणूस, टोपी हातात धरून तुमच्या टेबलासमोर उभा होता. पाकिस्तानातून येऊन वर्षही झालं नव्हतं. सोबत सहा वर्षांची पोर. "बाईजी, बच्ची को बिठा लोगे ना? काग़ज़ पूरे नहीं हैं." आणि तुमचं ते जगप्रसिद्ध हिंदी: "कागद बाद में देखेंगे. पहले उसको वर्ग में बिठाव. चप्पल बाहर निकालने को बोलो." मी तेव्हा नोकरीला नवा. विद्यार्थी म्हणून तुमचा मार खाऊन झाला होता, आता शिक्षक म्हणून खायचा होता. नोंद करायला तुम्ही मला बसवलंत आणि मी मन मोठं करून जन्मतारीख 'एक जून' लिहिली, जन्मस्थळ 'भिवंडी'. एक जूनचं काय, आपल्याकडे कागद नसलेलं प्रत्येक मूल त्याच दिवशी जन्मतं. एवढ्या बाळंतपणांना एका दिवसात सुईणी कशा पुरल्या कोण जाणे. भिवंडी मात्र मी विचार करून लिहिलं होतं.

तुम्ही पान बघितलंत. "हिच्या जन्माला तू हजर होतास?"

"नाही बाई. पण पाकिस्तान लिहिलं तर पोरीला जन्मभर चिकटेल ते. वर्गातली पोरं छळतील."

"छळली तर त्यांना मी बघेन. पोरीची कणव आली असेल तर तिला वही-पाटी घेऊन दे. रजिस्टरात कसली कणव दाखवतोस? दुरुस्त कर."

मी मान हलवली. दुरुस्त केलं नाही. तुमच्याहून मी दयाळू आहे असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं, आणि ते वाटणं मी बरीच वर्षं जपलं. वही मात्र घेऊन दिली.

ती मुलगी या जूनमध्ये शाळेत आली. नर्सिंग झालंय तिचं. तिचं मराठी टेमघरच्या भाजीवालीलाही घासाघिशीत हरवेल असं. बाप वारला, कशेळीच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला, पासपोर्टासकट. सरकारी भरतीच्या अर्जावर पहिलाच प्रश्न नागरिकत्वाचा. शेजारच्या देशातून २०१४ सरायच्या आत आलेल्या तिच्यासारख्या हिंदूंना नव्या कायद्याने ते आता मागता येतं. फक्त तिथले होतो आणि तेव्हा आलो, याला कागद लागतो. खुर्चीच्या काठावर बसून ती म्हणाली, "सर, सगळे भिवंडीचे असल्याचा दाखला मागतात. मला भिवंडीची नसल्याचा पाहिजे." आणि हसली. मला हसू येईना. तिच्या नावापुढे माझ्याच हाताने काय लिहिलेलं आहे ते मला पाठ होतं. मी मामांना किल्ली आणायला सांगितली.

पान उघडलं. 'भिवंडी'वर एक सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर लाल शाईत तिच्या गावाचं नाव, जिल्हा, सिंध, पाकिस्तान. एक जूनही खोडलेला. समासात तुमचं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर: 'वडिलांचा पासपोर्ट समक्ष पाहिला. मुलीची नोंद त्यात आहे.' पुढे पासपोर्टाचा क्रमांक, प्रवेशाची तारीख, तुमची पूर्ण सही. म्हणजे मी दुरुस्त करणार नाही हे तुम्हांला ठाऊक होतं. त्या माणसाला तुम्ही परत बोलावलंत, पासपोर्ट मागितलात, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. बाई, मी शंभर वेळा रूपं चुकलो तेव्हा शंभर वेळा बोललात. इथेच गप्प कशा राहिलात?

ठाण्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी त्या पानाची झेरॉक्स उलटसुलट पाहिली. "खाडाखोड आहे ही." मी मूळ रजिस्टर पुढे ठेवलं. त्यांनी समास वाचला, पुन्हा वाचला, क्रमांक उतरवून घेतला आणि विचारलं, "या बाई कुठे असतात आता?" मी म्हटलं, "वारल्या." ते म्हणाले, "अशी माणसं हवीत." मला वाटलं सांगावं, दिवसभर सहन करून बघा मग. इकडे आपल्या स्टाफरूममध्ये या कायद्यात कोण बसतं आणि कोण वगळलं जातं यावर दोन गट पडून चहा गार झाला. तुम्ही असतात तर दोघांनाही कायदा मुळातून वाचायला बसवलं असतंत, आणि नंतर दोघांशीही भांडला असतात.

परवा तिचं प्रमाणपत्र आलं. मोबाइल पुढे करून दाखवलं, मग वाकून पाया पडली. भरतीचा अर्ज त्याच दुपारी भरला म्हणाली. तुमच्या लाल रेघेवर एक मुलगी उभी राहिली, एवढं तुम्हांला कळवायचं होतं. पोस्टात टाकायला पत्ता नाही, म्हणून हे पत्र रजिस्टरात त्याच पानाशी ठेवतोय.

एक राहिलं. पेढ्याचा पुडा उघडताना ती म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हा खरं लिहिलंत म्हणून झालं हे." मामा बाजूलाच उभे होते, ती लाल दुरुस्ती कोणाच्या अक्षरातली आहे ते त्यांना माहीत होतं. बाई, मी पेढा घेतला आणि खाल्ला.