वजीर परत पाठवणेबाबत

नाशिक रोड,
रविवार

प्रिय सलाउद्दीनला लहानूचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही (जो पटेल तो घे).

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? सरळ चालतो, की अजून घोड्यासारखा अडीच घरंच? मुलगा इमरान आणि सूनबाई अरिबा खुशाल असतील. मालेगावला त्यांच्याकडे जाऊन तुला चार महिने झाले, फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कारण एवढंच, की भांडणाच्या दिवशी तू मारलेला माझा वजीर तुझ्या मुठीतच गेला. तो परत पाठव. बाकी माझं काही म्हणणं नाही.

भांडण तुला आठवत असेलच. मी म्हणालो, बुद्धिबळ हा खेळ आमचा. तू म्हणालास, मग ‘शह’ कुणाचा? मी चिडून म्हणालो, तो तुमचा, घेऊन जा. (तुला मी जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.) तीस वर्षं प्रेसमध्ये शेजारच्या मशीनवर उभा राहिलेला माणूस चपला घालून चालता झाला, आणि त्याचा चहा तसाच राहिला. आमच्या हिने, कलाबाईने, तो मलाच पाजला, गार.

मग मीही हट्टाला पेटलो. ठरवलं, आता शुद्ध खेळायचं. शह नाही, मात नाही, वजीरसुद्धा नाही; वजिराला प्रधान म्हणायचं. भिडू मिळाला तो आमच्या कॉलनीतला प्रधान. (पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल, माझ्या आलं नाही.) तिसऱ्या डावात मी त्याचा वजीर उचलला आणि आनंदाने ओरडलो, ‘प्रधान मेला!’ आत मोहिनीवहिनी पोळ्या लाटत होत्या. त्या लाटण्यासकट धावत आल्या, पाहतात तर नवरा पटासमोर ठणठणीत बसलेला. तेव्हापासून त्या घरात मला पाणीसुद्धा मिळत नाही.

शेवटी वाचनालयात जाऊन बसलो, तुला खोटं पाडायला. पुस्तकात निघालं ते असं. इथे चतुरंग होता: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. तो इराणात गेला तेव्हा चतरंग झाला, अरबांकडे शतरंज. तिकडे राजाला शाह म्हणत, त्याचाच हा शह. आणि मात म्हणजे राजा मेला असं मी समजत होतो. काही जाणकार म्हणतात, मूळ अर्थ राजा हतबल झाला, त्याला काही सुचेना. मी पुस्तक मिटलं. चार महिने माझं तरी दुसरं काय झालंय? लेक सासरी जाते, माहेरी येताना चार शब्द तिकडचे घेऊन येते. म्हणून तिला कुणी दारात अडवतं का? मी अडवलं. तुझी फार आठवण येते, सलाउद्दीन. प्रधान खेळतो बरा, पण हरल्यावर वाद घालत नाही, आणि वादाशिवाय मला जिंकल्यासारखं वाटत नाही.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
लहानू

ता. क. वजीर कुरियरने पाठवू नकोस, वाटेत हरवायचा. हातानेच आण.

आणखी एक. वजीर सापडला, माझ्याच स्वेटरच्या खिशात. तरी ये.

शेवटचं. वर ‘खेळ आमचा’ असं लिहिलंय, तिथे ‘आपला’ वाच. त्या दिवशीही तेच म्हणायला हवं होतं. डाव अजून मांडलेला आहे. कलाबाई रोज धूळ पुसते; परवा तुझा राजा तिने चुकून शेजारच्या घरात ठेवला. तिथे त्याला शह बसत नाही. मी पाहिलं आणि तसाच राहू दिला.