बंबखान्याचा हौद

२८ एप्रिल १९७३
बंबखान्याच्या हौदातलं पाणी काढलं. आग विझवायला राखलेलं. लिहिताना हात अडतो — पण काढलं! परवा आमच्या मुलीचं, मनकर्णाचं लग्न. बेलापूरचे पाहुणे, कॅनॉलकाठची माणसं. आंघोळीला पाणी नाही म्हणून त्यांना कसं सांगायचं? या दुष्काळात आमच्या नळाला तर नुसतं वारं येतं. बायको, केशर, म्हणाली, "पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."
सहादेव बंबावर माझ्या हाताखाली. पिंपं भरताना एवढंच म्हणाला, "जमादार, हौदाचं हाय ते." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

३० एप्रिल
लग्न लागलं. विहीणबाई खूश. पाहुणे खळखळून चुळा भरत होते.

३ मे
दुपारी गुरांच्या छावणीतला कडबा पेटला. हौदाच्या तळाला उरलं होतं तेवढं बंबात घेतलं नि निघालो. "बंब आला, बंब आला!" लोकांनी वाट दिली. पाइप जरा वेळ फुरफुरला — आणि थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाइप धरून नुसता उभा.
पाथर्डीकडून आलेली बायडाबाई आपले बैल सोडायला आत घुसली. एक सुटला. दुसरा नाही. सहादेवनं तिला ओढून बाहेर काढलं. दोन्ही हात भाजलेत. पडल्यापडल्या मलाच म्हणाली, "तुमी तरी काय करनार, दादा? पानीच न्हाई कुटं."
दादा म्हणाली!

४ मे
दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. परत आलो.

९ मे
चौकशी झाली. नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, "हौद रिकामा कसा?" सहादेव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "झिरपतो, साहेब. जुना झालाय."
जुना! इंग्रजांच्या अमदानीतला, वडील घोड्यांच्या बंबावर होते तेव्हाचा. पेठ जळाली तेव्हा याच पाण्यानं निम्मी वाचली. वडील त्यातला तांब्याभरही घरी आणू देत नसत. त्या हौदावर मी आळ घेतला.
बाहेर आल्यावर सहादेव म्हणाला, "झिरपतो म्हनं!" थुंकला नि चालता झाला.

२२ मे
बंबखाना बंद. कारण — हौद गळका. बंब आता गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये. कुलूप मलाच लावायला सांगितलं. जमलेल्यांतले एक म्हातारबा गहिवरून म्हणाले, "तुमच्या वडलांचा जीव हुता ह्याच्यात. तुमालाच लई वाईट वाटत आसंल."
मी किल्ली फिरवली.

२६ मे
राहवेना. नोकरी जाईल, असं केशरला सांगूनच निघालो. साहेबांच्या बंगल्यावर जाऊन सगळं सांगून टाकलं — लग्न, पिंपं, खोटं.
साहेबांनी पेपर खाली ठेवला. "मी स्वतः उतरून पाहिलाय हौद. कुठे तडा नाही, ठाऊक आहे मला. भर बाजारातली जागा, वरच्यांना मोकळी हवीच होती. तुम्ही आयतं कारण दिलंत! आता गप्प राहा. चहा घ्या."
घेतला.